तिसरा गिअर पडेना

रविवारी सकाळी उमेशनं महिन्याभरात तिसऱ्यांदा मोटरसायकलचं इंजिन खोललं, तेव्हा दक्षानं त्याला चहासुद्धा दिला नाही. "त्या इंजिनालाच पाज," असं म्हणून तिनं नवऱ्याचा कप सासूच्या हातात दिला आणि ती भांडी घासायला निघून गेली. उमेशचं तिकडे लक्षच नव्हतं. अंगणात गोणपाट पसरून तो मांडी ठोकून बसला होता. शेजारी भात पाखडायचं सूप होतं आणि त्यात एकेक बोल्ट, वॉशर, स्प्रिंग ओळीनं मांडणं चाललं होतं. सूप घासून परत द्यायच्या बोलीवर मिळालं होतं. आधीच्या दोन वेळचे ऑइलचे डाग अजून त्यावर होते, म्हणजे ही बोली कितपत पाळली गेली होती ते दिसतच होतं.

खडकीपाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. चाळीसेक घरं, मधून मातीचा रस्ता, रस्त्याच्या टोकाला शाळा. तिथून डहाणू पन्नास किलोमीटरला थोडंसंच कमी. आणि उद्या, सोमवारी, सकाळी साडेदहाच्या आत सोनीबाईला डहाणूला पोचवायचंच होतं.

सोनीबाई म्हणजे उमेशची आई. आवणीच्या दिवसांत, भर चिखलात, हातात रोपांची मूठ असताना तिच्या अंगावरून वारं गेलं. हात पंधरा दिवसांत सुधारला. तोंड तर कधी बंद पडलंच नव्हतं. पण डावा पाय गेला तो गेलाच. कमरेखाली तो नुसता लोंबायचा आणि कुठं न्यायचा असेल तर हातानं उचलून न्यावा लागायचा. डहाणूच्या दवाखान्यात शितल मॅडम होत्या. सोमवारी आणि गुरुवारी त्या तिला खाटेवर निजवून हा पाय वाकवायच्या, ताणायच्या आणि तळव्याखाली स्वतःचा हात धरून म्हणायच्या, "दाबा मावशी, माझ्या हातावर दाबा." सोनीबाई डोळे मिटून, दातओठ खाऊन दाबायची. पाय ढिम्म हलायचा नाही.

गेल्या गुरुवारी मॅडमनी उमेशला बाजूला घेतलं. "पाच महिने होत आले," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी एकदा नीट तपासते. स्नायूंत काहीच हालचाल दिसली नाही, तर एवढ्या लांबून आणून यांचे हाल करू नका. घरच्या घरी व्यायाम करून घ्या." सांगितलं बाजूला घेऊनच, पण सोनीबाईचे कान पायासारखे नव्हते. परत येताना अर्ध्या वाटेत तिनं जाहीर करून टाकलं, "झाला ना? आता मी घरीच बसते. तुमची खेप वाचली, माझी हाडा वाचली."

घरच्या घरी व्यायाम म्हणजे काय, हे उमेशला चांगलं ठाऊक होतं. तो तलासरीत हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर कामाला, दक्षा अंगणवाडीत, आणि सोनीबाई आपण होऊन पायाला हात लावायची नाही. पाड्यातला काकड्याबाबा असाच एकदा भिंतीला टेकून बसला आणि तीन वर्षं भिंतीलाच टेकून राहिला. आपली आई, जी आवणीला उभ्या पाड्याच्या पुढं असायची, ती तशी भिंतीला लागलेली बघायची उमेशची तयारी नव्हती. सोमवारची खेप चुकली तर ती गुरुवारीही गाडीवर बसणार नाही आणि पुढेही कधी नाही, हे त्यानं ओळखलं होतं. एसटी पाड्यापासून तीन किलोमीटरवर थांबायची आणि तिची पायरी चढवायला तीन माणसं लागायची. राहता राहिली मोटरसायकल.

आणि नेमकं याच वेळी मोटरसायकलनं अंग काढून घेतलं होतं.

गाडी चार गिअरची, जुनी, पण इमानी. पंजानं लिव्हरचं पुढचं टोक दाबलं की गिअर चढतो, टाचेनं मागचं टोक दाबलं की उतरतो. गेले तीन आठवडे मात्र सोनीबाईला घेऊन निघालं की वाटेत कुठेतरी ती लिव्हर दगडासारखी घट्ट व्हायची. दुसऱ्यावरून तिसरा पडायचाच नाही. पडला, तर पुढं उमेशनं क्लच दाबायचा अवकाश, टक आवाज करून गाडी आपोआप दुसऱ्यावर उतरायची. मग असा गचका बसायचा की मागं बसलेली सोनीबाई आणि तिला धरून बसलेली दक्षा उमेशच्या पाठीवर येऊन आदळायच्या. गुरुवारी हायवेवर चारोटीच्या अलीकडे गचका बसला तेव्हा मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला आणि उमेशच्या खानदानाचा उद्धार करून तो पुढं गेला. त्या दिवशी उमेशनं मनाशी ठरवलं, गाडी नीट झाल्याशिवाय आईला हायवेवर न्यायचं नाही.

म्हणजे आज गाडी नीट झाली पाहिजे होती.

त्यानं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. क्लचची वायर ताणून पाहिली, सैल करून पाहिली. ऑइल बदललं. लिव्हर काढून एक दात वर बसवली, मग एक दात खाली. लिव्हर दाबून सोडली की तिला मधल्या जागेवर परत आणणारी एक स्प्रिंग आत असते. ती मेली तर पुढचा गिअर पडत नाही, एवढं त्याला मोबाईलवरचे व्हिडिओ बघून पाठ झालं होतं. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यानं उजवं कव्हर काढून, क्लच बाहेर काढून, ती स्प्रिंगही नवी घातली. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तो एकटा तलासरीपर्यंत जाऊन यायचा. गाडी कुरकुरसुद्धा करायची नाही. मग गुरुवार यायचा, नाहीतर सोमवार, आणि सोनीबाई बसली की परत तेच.

"काय रे, परत पोट फाडलास का तिचा?" कुंपणापलीकडून आवाज आला.

शेजारचा चिमण विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. आसपासच्या गावांतले निम्मे पंप त्याच्या हातांखालून गेले आहेत. त्यामुळे जगात जे जे म्हणून फिरतं ते सगळं आपल्याला कळतं, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. पन्नाशीचा, पोट सुटलेला, लुंगी कायम अर्धी वर खोचलेला असा तो आत आला आणि सुपात डोकावला.

"स्प्रिंग बघतोय, चिमणदादा."

"ती तर आता नवी घातलीस ना?"

"मग नवीच खराब असल."

चिमणनं स्प्रिंग उचलली, दाबली, कानाशी नेली. स्प्रिंग काही बोलणार नव्हती, पण पंपवाल्यांची ही सवय असते. "ठणठणीत हाय," त्यानं निकाल दिला. "उमेश, तू उगाच गाडीच्या मागं लागलास. एकटा असतोस तवा चालते ना?"

"एकदम मक्खन."

"तुमी तिघं बसता तवा अडते. मंग भानगड वजनाची हाय. जेवढा वजन घालून बिघडते तेवढा घालून बघ. पंप कधी कोरडा चालवून तपासतात काय?"

हे उमेशला पटलं, आणि आपल्या आधी चिमणला सुचलं म्हणून थोडा रागही आला. खरं म्हणजे त्याच्या मनात ते येऊन गेलं होतं. पण सोनीबाईला गाडीवर बसवायचं म्हणजे दोघांनी तिला काखेत धरून उचलायचं, उजवा पाय पलीकडं टाकून सीटवर टेकवायचं, आणि मग दक्षानं दोन्ही हातांनी तो पाय उचलून डाव्या बाजूच्या लोखंडी पायदानावर ठेवायचा. प्रत्येक वेळी सोनीबाईच्या तोंडून नकळत कण्हणं यायचं. ते ऐकवत नाही म्हणून उमेशनं एकूण एक तपासणी तिच्याशिवायच केली होती. आईला उगाच कशाला त्रास, एवढाच त्याचा हिशेब.

त्यानं भराभर कव्हर बसवलं, बोल्ट आवळले, ऑइल भरलं. मग दोघांनी घरातून भाताची गोण काढली. सोनीबाईचं वजन पंचेचाळीस किलो, ते दवाखान्यात दर खेपेला करत असल्यामुळे सगळ्यांना पाठ होतं. तेवढंच भात गोणीत ठेवून, बाकीचं काढून, गोण सीटच्या मधोमध सोनीबाईच्या जागेवर बसवली आणि दोरीनं आवळली. मागं दक्षानं बसायचं आणि नेहमी सासूला धरते तशी गोणीला मिठी मारायची. दक्षा राग विसरून हसायला लागली.

"हसू नको, नीट धर," उमेश म्हणाला.

"ही तरी गुपचूप बसंल," दक्षा म्हणाली.

गाडी शाळेपर्यंत गेली आणि परत आली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. सगळे गिअर चढले, सगळे उतरले. पुन्हा एकदा फेरी मारली. काही नाही. चिमण डोकं खाजवत उभा राहिला आणि उमेश गाडीवरून उतरून तिथंच दगडावर बसला. त्याचा अगदी हिरमोड झाला होता. उपाय न सापडणं एक वेळ चालतं, पण इथं बिघाडच सापडत नव्हता.

ओट्यावर बसून सोनीबाई हा सगळा खेळ बघत होती. चहा कधीच संपला होता, तरी कप तिनं हातात धरून ठेवला होता.

"मी काय भाताची गोण हाय?" ती एकदम म्हणाली.

"आये, तुना त्रास नको म्हणून..."

"त्रास! पाच महिने गोणीसारखीच उचलता, ठेवता मना. आज माझ्या जागेवर गोण बसवली, उद्या मना कणगीत भराल. या इकडं, मना बसवा."

उमेश आणि दक्षानं एकमेकांकडं पाहिलं. मग ती गोण उतरली आणि सोनीबाई चढली. दोघांनी तिला काखेत धरलं, सीटवर टेकवलं. दक्षानं तिचा पाय उचलून पायदानावर नीट ठेवला, लुगड्याचा ओचा गुडघ्याखाली दाबून घेतला आणि मागं बसून तिच्या कमरेला हात घातला. दक्षा बसली की सोनीबाई पुढं सरकायची आणि उमेशच्या पाठीला चिकटायची. तिघांत हवा जायलाही जागा नसायची.

"मी बाजूनं पळतो," चिमण म्हणाला. "गाडीवर बसून लिव्हर कुठं दिसते? मी बघतो ती काय करते."

अशा रीतीनं मिरवणूक निघाली. मोटरसायकलवर तिघं, आणि डावीकडून लुंगी वर खोचून, कमरेत वाकून, लिव्हरवर नजर लावून धावणारा चिमण. रस्त्याकडेच्या घरांतली माणसं बाहेर आली. "काय हरवलाय रे?" कोणीतरी विचारलं. उत्तर द्यायला चिमणपाशी श्वास नव्हता.

पहिला पडला. दुसरा पडला. मग हातपंपाजवळचा खड्डा आला, गाडी डावीउजवीकडं डुलली, सोनीबाई "अगं बया" म्हणाली, आणि उमेशनं तिसरा टाकायला पंजा दाबला तर लिव्हर दगड.

"थांब! थांब!" चिमण ओरडला. "हलू नका कोणी!"

उमेशनं गाडी जागच्या जागी उभी केली. चिमण धापा टाकत खाली बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं, त्यानं नुसतं बोट दाखवलं. उमेशनं मान वाकवून पाहिलं. सोनीबाईचा डावा पाय पायदानावर नव्हता. तो लिव्हरच्या मागच्या टोकावर होता. तळवा त्या टोकावर टेकलेला आणि अंगठा उमेशच्या टाचेला लागलेला.

"हात्तिच्या मारी!" उमेश म्हणाला.

तीन वेळा इंजिन खोललं, नवी स्प्रिंग घातली, तीन रविवार घालवले, बायकोचे टोमणे खाल्ले, आणि बिघाड इंजिनाबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होता. मागचं टोक दाबलेलं असताना पुढचा गिअर पडणार कसा? आणि क्लच दाबला की गाडी खाली उतरणारच. टाचेला काहीतरी लागतंय हे त्याला तीन आठवडे कळत होतं, पण तिघांच्या दाटीत काहीतरी लागायचंच. त्याला ती दक्षाची चप्पल वाटली होती. तो मोठ्यानं हसायला लागला. दक्षाही हसली.

"गुरुवारी चारोटीला बघितला मी, पाय पायदानावर नव्हता," ती म्हणाली. "मना वाटला खड्ड्यानं घसरला. मी परत उचलून ठेवला."

"काय नाय, सोपा हाय. पाय पायदानाला बांधून टाकू. चिमणदादा, तू गाडी धर." उमेश उतरला, समोरच्या घरातून हातभर सुतळी मागून घेऊन आला आणि आईच्या पायाशी वाकला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. उद्याची खेप होणार होती.

चिमण मात्र हसत नव्हता. एका हातानं हँडल धरून तो खाली बघत होता. मग त्यानं दुसरा हात पायदानापासून लिव्हरपर्यंत नेला, बोटं लावून अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

"उमेश, सुतळी ठेव जरा. हे बघ. पायदान खाली हाय. लिव्हर चार बोटा वर, नि वीतभर पुढं."

"बरं मंग?"

"पाय घसरला तर खाली लोंबंल ना रे. हा वर कसा चढला?"

उमेशच्या हातातली सुतळी हातातच राहिली. दक्षा हसायची थांबली. घसरलेला पाय खाली जातो. चार बोटं वर आणि वीतभर पुढं जायचं तर कोणीतरी तो उचलावा लागतो. आणि गाडी चालू असताना तिथं तो उचलणारं कोणी नव्हतं. दक्षाचे दोन्ही हात सासूच्या कमरेला होते, उमेशचे हँडलवर.

"आये," उमेश हळू आवाजात म्हणाला, "तू पाय उचलतेस?"

"मी कुठून उचलू? मेलाय तो."

"मंग आता खड्डा आला तवा काय केलास?"

"काय करणार? तू गाडी अशी डुलवलीस, मना वाटला पडते मी. मी आपली रोवून बसले."

"कशानं रोवलास?"

सोनीबाईनं वाकून आपल्या पायाकडं पाहिलं. तो अजून तिथंच होता, लिव्हरवर.

उमेश गुडघ्यावर बसला. मॅडम धरतात तसा त्यानं हात तिच्या तळव्याखाली धरला. "दाब, आये."

सोनीबाईनं डोळे मिटले, दातओठ खाल्ले. कपाळाला आठ्या पडल्या, मानेच्या शिरा दिसल्या. उमेशच्या हातावर पायाचं वजन होतं, बस. "अजून एकदा," तो म्हणाला. अजून एकदा. आणखी एकदा. काही नाही.

"सोड," सोनीबाई म्हणाली. "पाय बांध नि चल घरी. उगाच आशा लावू नको मना. मी बसायला शिकले होते आता."

आईच्या तोंडून असं बोलणं उमेशनं कधी ऐकलं नव्हतं. ती रागावलेली त्याला चालायची, भांडलेली चालायची. त्यानं सुतळीकडं पाहिलं. खरंच बांधावा का, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

"मॅडमसमोर पण असाच होतो," दक्षा मागून म्हणाली. ती अजून सासूला धरूनच बसली होती. "दाबा म्हटला का दाबत नाय. गाडीवर कोणी सांगत नाय, तवा दाबतो. खाली बसून काय विचारतोस तिला? गाडी चालव नि बघ."

उमेशनं सुतळी खिशात कोंबली आणि गाडीवर बसला. चिमणनं पुन्हा लुंगी खोचली. दक्षानं पाय पायदानावर ठेवला, आणि या वेळी ठेवताना तिचा हात जरा जपून चालला.

"आये, ऐक," उमेश मागं न बघता म्हणाला. "मी तिसऱ्यावर टाकतो. मंग लिव्हरवरून पाय काढून घेतो. उतरवायचा तुझ्याकडं."

"मना काय समजतो गिअर नि बिअर?"

"समजायचा काय नाय. पडतोय असा वाटला का रोव."

गाडी शाळेपाशी नेऊन वळवली. तिथून घराकडं मोकळा रस्ता होता. उमेशनं पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि लगेच तिसरा. तो पडला. मग त्यानं डावा पाय लिव्हरवरून उचलून बाहेर, हवेत लांब धरला आणि वेग कमी करत आणला. तिसऱ्यावर एवढ्या हळू कोणती गाडी चालते? ती गचके खायला लागली, हँडल थरथरलं, टाकी खडखडली. सोनीबाईनं त्याचा शर्ट मुठीत पकडला.

"उमेश, पडू आपण!"

"पडू," उमेश म्हणाला आणि त्यानं क्लच दाबला.

गाडी नुसती घरंगळत राहिली. इंजिनाचा जोर सुटला होता आणि वेग क्षणाक्षणाला कमी होत होता. आता कधीही तोल जाणार होता आणि पाय टेकावा लागणार होता. बाजूनं चिमणचे पाय धप धप वाजत होते. उमेशनं श्वास रोखून धरला होता. त्याच्या आयुष्यात त्यानं कधी देवाकडं गिअर मागितला नव्हता, तो त्यानं तेव्हा मागितला.

टक.

त्यानं क्लच सोडला. गाडीनं एकदम सूर पकडला आणि दुसऱ्यावर सरळ ओढायला लागली.

"पाय चढला!" चिमण मागून ओरडला. "मी बघितला! पायदानावरून उचलला, पुढं नेला नि दाबला! ह्या दोन डोळ्यांनी बघितला मी!"

"आये, अजून एक," उमेश म्हणाला. त्याला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. त्यानं पुन्हा क्लच दाबला. या वेळी थोडी वाट बघावी लागली. गाडी घरापाशी पोचली, अंगणात वळली, थांबायला आली, आणि तेवढ्यात पुन्हा टक झालं. पहिला.

उमेशनं ब्रेक लावला आणि किल्ली फिरवली. कोणी उतरलं नाही. दक्षा सासूच्या पाठीवर डोकं टेकून रडत होती आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. चिमण येऊन पोचला आणि अंगणातच बसकण मारून हाश्शहुश्श करायला लागला. एवढं तो त्याच्या लग्नातसुद्धा धावला नव्हता.

"मीच केला तो?" सोनीबाईनं विचारलं. "टक वाजला तो?"

"तूच केलास."

"दोनदा?"

"दोनदा."

सोनीबाई पायाकडं बघत राहिली. मग तिनं हात खाली नेला आणि गुडघ्यावरून दोनदा फिरवला. पाच महिन्यांत तिनं आपण होऊन त्या पायाला हात लावल्याचं उमेशनं पहिल्यांदाच पाहिलं.

"पण हायवेवर असा नको करू हां, सोनीमावशी," चिमण धापा टाकत म्हणाला. "मी असा करतो. हे पायदान दोन भोका मागं सरकवतो, नि पुढं एक मुकी, गिअरला न लागणारी दांडी जोडून देतो. जिवात जीव नसला का ती दाब. गिअर उमेशला ठेव."

"मुकी तर मुकी," सोनीबाई म्हणाली. "पण लवकर जोड. आज जोड."

दोघांनी तिला उतरवायला हात पुढं केले. तिनं आधी त्यांना थांबवलं आणि एकेक प्रश्न विचारून घेतला. उद्या किती वाजता पोचायचा? साडेदहाला. मंग आठला निघायचा, वाटेत ट्रॅफिक लागतो. चिमणनं सोबत यायचा का? चिमणला विहिरीवर काम होतं, पण तो एसटीनं येतो म्हणाला. दक्षानं चांगला लुगडा काढून ठेवायचा.

"आणि ऐक, उमेश," ती म्हणाली, "त्या खाटेवर निजून माझ्याच्यानं दाबला जायचा नाय. मॅडमना सांग, मावशी आत येणार नाय. तुमीच बाहेर या, गाडीपाशी, नि काय बघायचा तो बघा."